सिंथवेव्ह: पळणारा बेस, रेंगाळणारे सूर

सिंथवेव्हचं, म्हणजे ऐंशीच्या दशकाची आठवण करून देणाऱ्या सिंथेसायझर संगीताचं, कुठलंही बरं गाणं लावा आणि वरच्या सुरांकडे जरा दुर्लक्ष करून फक्त बेस, म्हणजे खालचा जाड स्वर, ऐका. एकाच स्वरावर, एकसारख्या अंतराने, न थकता तो धावत राहतो. मग उलट करा. बेस सोडा आणि वरचे लांब कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, ऐका. ते सावकाश उमलतात, रेंगाळतात, संपायला तयार नसतात. खाली घाई आहे आणि वर अजिबात नाही. या संगीताची जादू मुख्यतः इथे आहे असं मला वाटतं. जांभळं आकाश, पट्ट्यापट्ट्यांचा मावळता सूर्य, निऑनची अक्षरं, रात्रीच्या रस्त्यावरून जाणारी लाल गाडी ही चित्रं या संगीताला चिकटली आहेत खरी. पण ती सगळी काढून टाकली तरी गाण्याचा परिणाम तसाच राहतो.

आकड्यांत मांडलं की हे आणखी स्पष्ट होतं. मिनिटाला १०० ठोके अशी लय धरू. सिंथवेव्ह साधारण ८० ते १२० ठोक्यांच्या दरम्यान रमतं, त्यामुळे ही लय प्रातिनिधिक आहे. एक ठोका ०.६ सेकंदांचा झाला. बेस प्रत्येक ठोक्यात चारदा वाजतो, म्हणजे दर ०.१५ सेकंदाला एक आघात. वरचा कॉर्ड मात्र चार ठोक्यांची दोन आवर्तनं, म्हणजे ४.८ सेकंद, तसाच धरून ठेवलेला असतो. तो बदलेपर्यंत खाली बत्तीस आघात होऊन गेलेले असतात. शरीर बेसबरोबर पुढे जातं आणि मन कॉर्डपाशी थांबतं. ऐकणाऱ्याला एकाच वेळी निघाल्यासारखं आणि मागे वळून पाहिल्यासारखं वाटतं ते यामुळे. रात्री एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्यांना हे संगीत इतकं का भावतं, याचं उत्तरही बरंचसं यातच आहे.

१९८०च्या दशकातल्या चित्रपटांचं, टीव्ही मालिकांचं आणि व्हिडिओ गेमचं सिंथेसायझरवरचं संगीत ज्यांच्या मनात घर करून बसलं, त्यांनी २००५ नंतर घडवलेलं नवं संगीत, अशी सिंथवेव्हची सोपी ओळख सांगता येईल. ऐकायला जुनं, पण वयाने तरुण. ही नुसती नक्कल आहे असं म्हणून ते बाजूला सारणारे लोक भेटतात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात असं संगीत नव्हतंच. भयपटांतला बेस, पॉप गाण्यांतले ड्रम, विज्ञानपटांतले लांब सूर हे तेव्हा वेगवेगळ्या घरांत राहत होते. त्यांना एका छताखाली आणलं ते पुढच्या पिढीने.

यंत्राच्या पोटात काय चालतं

ॲनालॉग सिंथेसायझरची कल्पना सोपी आहे. ऑसिलेटर नावाचं सर्किट विजेचा दाब ठरावीक वेगाने वरखाली करतं. तो दाब स्पीकरपर्यंत पोचला की स्वर ऐकू येतो. सेकंदाला ४४० वेळा वरखाली झाला तर पाश्चात्त्य संगीतातला मधल्या सप्तकातला 'ए' हा स्वर. दाब कसा वरखाली होतो, त्या आकारावर आवाजाची जात ठरते. सिंथवेव्हचा लाडका आकार करवतीच्या दात्यांचा: सरळ चढायचं आणि एकदम खाली पडायचं. या आकारात मूळ स्वराच्या वरचे सगळे उपस्वर भरलेले असतात, म्हणून तो कच्चा ऐकला तर कर्कश वाटतो.

पुढे फिल्टर येतो. तो ठरावीक मर्यादेच्या वरचे उपस्वर कापतो. मर्यादा खाली आणली की आवाज दबका आणि मऊ होतो, वर नेली की तोच आवाज लखलखीत होतो. ही मर्यादा एका बटणाने, गाणं चालू असताना, हळूहळू सरकवता येते. सिंथवेव्हमध्ये कितीतरी वेळा स्वर बदलतच नाहीत, फक्त हे बटण फिरत असतं, आणि तरीही काहीतरी घडतंय असं वाटत राहतं. फिल्टर उघडत जाताना कर्कश उपस्वर एकेक करून आत येतात. ज्यांना हे संगीत एकसुरी वाटतं, त्यांनी स्वरांऐवजी फिल्टरचा प्रवास ऐकून पाहावा.

आता रोलँड कंपनीचा ज्युनो-६०. तो १९८२ चा. त्यावर एका वेळी सहा स्वर वाजत, पण प्रत्येक स्वराच्या वाट्याला एकच ऑसिलेटर होता. त्याआधीच्या वर्षीचा ज्युपिटर-८ किंवा १९७८ चा प्रॉफेट-५ ही महागडी यंत्रं एका स्वराला दोन ऑसिलेटर देत. शिवाय ज्युनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळाच्या ताब्यात असल्यामुळे सुराला अगदी पक्के होते. पक्के आणि एकटे, म्हणून जरा पातळ. यावर रोलँडने उपाय केला तो कोरसचा. कोरस मूळ आवाजाची एक प्रत काढतो, तिला काही मिलिसेकंद उशीर लावतो, आणि तो उशीर सतत थोडा कमीजास्त करत राहतो. उशीर बदलत राहिला की प्रतीचा सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. ही हलती प्रत मूळ आवाजात मिसळली की तो एकदम भरदार होतो.

असं का होतं, हे एका उदाहरणाने कळतं. ४४० आणि ४४१ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजवले तर दोन स्वर ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, पण तो सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. दोन्ही लाटा कधी एकमेकींना जोर देतात, कधी एकमेकींना पुसतात. फरक एक हर्ट्झचा, म्हणून फुगवटाही सेकंदाला एक. सहा स्वरांचा कॉर्ड आणि प्रत्येक स्वराची अशी हलती सावली असली की आवाज एका जागी स्थिर राहतच नाही. कान त्याला पकडायला जातो आणि तो निसटतो. सिंथवेव्हमधली ती ओलसर, धुकट ऊब म्हणतात ती हीच.

महागड्या यंत्रांत ही ऊब वेगळ्या वाटेने येई. त्यांचे ऑसिलेटर तापमानानुसार सुरातून किंचित सरकत. त्या काळच्या अभियंत्यांना हा दोष वाटे आणि तो घालवण्यासाठी त्यांनी मोठी मेहनत घेतली. आज संगणकावर चालणाऱ्या सिंथमध्ये तोच दोष मुद्दाम घातला जातो आणि तो किती हवा हे ठरवायला वेगळं बटण असतं. त्या सरकण्यात आपल्याला माणसाचा हात जाणवतो, असं मला वाटतं. शंभर टक्के अचूक सूर ऐकून कान लवकर कंटाळतो.

आणखी दोन यंत्रांचा उल्लेख करायलाच हवा. यामाहाचा सीएस-८० हा अवजड सिंथ वँगेलिसने 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाच्या संगीतात वापरला. त्याची प्रत्येक पट्टी दाबल्यानंतर तिच्यावर आणखी किती जोर पडतोय हे तिला स्वतंत्रपणे कळायचं, त्यामुळे कॉर्डमधला एकच स्वर फुलवता यायचा. सिंथवेव्हमध्ये ब्रास वाद्यांसारखे चढत जाणारे, भव्य आणि एकाकी सूर ऐकू आले की त्यांची मुळं इथे आहेत असं खुशाल समजावं. दुसरा यामाहाचाच डीएक्स७, १९८३ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालतो: एक लहर दुसऱ्या लहरीला इतक्या वेगाने हलवते की त्यातून काचेसारखे, घंटेसारखे आवाज निघतात. ज्युनोची ऊब आणि डीएक्स७ची थंड चमक शेजारी शेजारी ठेवणं हा या शैलीचा आवडता रंगमेळ आहे.

त्याच १९८३ मध्ये मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका तारेने जोडून एकमेकांशी बोलू लागली. एका माणसाने एका खोलीत बसून पूर्ण वाद्यवृंद चालवायचा, ही कामाची पद्धत तिथून सोपी झाली, आणि सिंथवेव्हचे बहुतेक कलाकार आजही असेच एकटे काम करतात.

ड्रमची गोष्ट

या शैलीचा स्नेअर, म्हणजे कडक, फटकारल्यासारखा वाजणारा ड्रम, अर्ध्या सेकंदात ओळखता येतो. प्रचंड मोठ्या दालनात वाजल्यासारखा तो घुमतो, आणि घुमणं पसरायच्या आत कुणी धाडकन दार लावल्यासारखा तुटतो. आवाज अवाढव्य, पण त्याची शेपटी नाही. निसर्गात असं घडत नाही. मोठ्या जागेत आवाज विरत विरत जातो.

याचा जन्म लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतला. १९७९ मध्ये तिथे इंग्लिश गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. गेब्रिएलने झांजा वापरायच्या नाहीत असं ठरवलं होतं. स्टुडिओच्या नव्या कन्सोलमध्ये वादकांशी बोलण्यासाठी एक माइक जोडलेला होता आणि त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर बसवलेला होता. दूर उभ्या असलेल्या वादकाचं बोलणं वर उचलायचं आणि जवळचा मोठा आवाज दाबायचा, एवढंच त्याचं काम. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक उघडला गेला आणि कंट्रोल रूममध्ये ड्रमचा असा काही राक्षसी आवाज आला की सगळे थबकले. कॉम्प्रेसर खोलीचं घुमणं ड्रमइतकंच मोठं करत होता. मग त्या माइकचा आवाज रेकॉर्ड करता यावा म्हणून कन्सोलची जोडणी बदलली गेली. त्यावर नॉइज गेट लावला: आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गेट बंद, पूर्ण शांतता. झांजा असत्या तर त्यांच्या लांबत जाणाऱ्या झंकाराने गेट उघडाच राहिला असता आणि सगळा परिणाम मातीत गेला असता. १९८१ मध्ये कॉलिन्सने स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये हाच ड्रम आणला आणि पुढची काही वर्षं पॉप संगीतात त्याचं राज्य होतं.

नव्वदच्या दशकात हा आवाज इतका जुनाट मानला गेला की निर्माते त्याला हात लावेनात. सिंथवेव्हने तो पुन्हा आदराने मांडला. सोबत आले रॉजर लिनच्या ड्रम मशीनचे ठोके. १९८० चं त्याचं एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने वाजवणारं पहिलं ड्रम मशीन आणि १९८२ चं लिनड्रम त्याची पुढची पायरी. आणि सिमन्सचे षट्कोनी पॅड. त्यांच्या टॉमचा, म्हणजे गोलाकार आवाजाच्या ड्रमचा, सूर वाजल्यावर झपकन खाली घसरतो.

मात्र खालच्या पट्टीत सिंथवेव्ह आजचं आहे. त्याची किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डवर मावले नसते इतके भारी असतात. शिवाय साइडचेन नावाची युक्ती असते: किक वाजली की त्या क्षणी बाकी सगळा आवाज खाली दबतो आणि लगेच वर येतो. ही सवय फ्रेंच हाउस संगीतातून आली. तिच्यामुळे ते लांब, आळसावलेले कॉर्डही किकच्या तालात श्वास घेऊ लागतात. जुन्या गाण्यांत हे सापडत नाही. एखादं गाणं १९८४ चं आहे की २०१४ चं, असा प्रश्न पडला तर खालची पट्टी ऐकावी.

हसू की रडू हे न सांगणारे कॉर्ड

कॉर्डबद्दल थोडं सांगतो, कारण भावनेचं बरंच काम तिथे होतं. मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. तो प्रसन्न वाटतो. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. तो उदास वाटतो. दोघांत फरक फक्त गंधाराचा. आता तो गंधारच काढून टाका आणि त्याच्या जागी मध्यम किंवा रिषभ ठेवा: सा, म, प किंवा सा, रे, प. याला सस्पेंडेड कॉर्ड म्हणतात. प्रसन्न की उदास, हे सांगणारा स्वरच यात नाही. कान वाट पाहत राहतो. सिंथवेव्ह या अधांतरी कॉर्डवर मनापासून प्रेम करतं. गाण्याचा मुक्काम बहुतेक वेळा मायनरमध्ये असतो, पण चार कॉर्डच्या फेरीत मेजरची उजळ तिरीप येऊन जाते. म्हणून 'हे गाणं दुःखी आहे का?' या प्रश्नाला श्रोते सरळ उत्तर देऊ शकत नाहीत.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे 'स्ट्रेंजर थिंग्ज' या २०१६ च्या मालिकेचं शीर्षकसंगीत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सर्व्हाइव्ह या बँडमधल्या काइल डिक्सन आणि मायकल स्टाइन यांनी ते केलं आणि २०१७ मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. त्यातला मुख्य आकृतिबंध आठ स्वरांचा आहे: सा ग प नी सां नी प ग. सगळे स्वर शुद्ध. कागदावर पाहिलं तर यात भीतीदायक काहीच नाही. हेच स्वर पियानोवर मधल्या सप्तकात वाजवले तर गोड वाटतील. पण इथे ते खूप खालच्या सप्तकात, दबक्या फिल्टरमधून, यंत्राच्या निर्विकार सारखेपणाने येतात. वर जाताना नी आणि सां एकमेकांना खेटतात, लगेच पुन्हा खेटतात, आणि त्या अर्ध्या स्वराच्या घर्षणातून अस्वस्थता जन्मते. हळूहळू फिल्टर उघडतो. संगीतकारांनी स्वरात जेवढं ठेवलं नाही, तेवढं आवाजाच्या पोतात ठेवलंय.

असे न थकता फिरणारे आकृतिबंध माणूस सहसा हाताने वाजवत नाही. सीक्वेन्सर किंवा आर्पेजिएटर ते काम करतो: तुम्ही कॉर्ड धरून ठेवता, यंत्र त्यातले स्वर ओळीने खेळवतं. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडरने डोना समरच्या 'आय फील लव्ह'मध्ये मोग सिंथवर अशी बेस चालवली आणि नृत्यसंगीताची दिशा बदलली. जॉन कार्पेंटरने कमी खर्चात चित्रपट करायचे म्हणून स्वतःच संगीत दिलं, त्यासाठी सिंथवरचे मोजके स्वर पुनःपुन्हा वापरले, आणि ते वाद्यवृंदापेक्षा जास्त भेदक निघाले. टँजरिन ड्रीम या जर्मन मंडळींनी १९८१ च्या 'थीफ' या चित्रपटाला रात्रीच्या शहराचा आवाज दिला. यान हॅमरचं 'मायामी व्हाइस'चं शीर्षकसंगीत तर १९८५ मध्ये, एकही शब्द नसताना, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. सिंथवेव्हचे पूर्वज विचाराल तर ही चार नावं पुरेशी आहेत.

फ्रान्समधून जगात

सुरुवात अमेरिकेत झाली असेल असा सहज समज होतो, पण पहिली मोठी पावलं फ्रान्समध्ये पडली. व्हँसाँ बेलॉर्जे हा कलाकार काविन्स्की या नावाने २००६ पासून रेकॉर्ड काढू लागला. त्याने या पात्राला एक कथाच दिली: १९८६ मध्ये फेरारी टेस्टारोसाच्या अपघातात मेलेला तरुण वीस वर्षांनी परत येतो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागतो. नाँत शहरात दाविद ग्रेलिए, म्हणजेच कॉलेज, याने व्हॅलेरी नावाचा कलाकारांचा गट जमवला. त्यांच्या संगीतात रात्रीपेक्षा उन्हाळी दुपारची हळवी झाक जास्त होती.

दोन्ही धागे २०११ मध्ये निकोलस विंडिंग रेफ्नच्या 'ड्राइव्ह' या चित्रपटात एकत्र आले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीला काविन्स्कीचं 'नाइटकॉल' आहे. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीतल्या गी-मानुएल द ओमाँ-क्रिस्तोने निर्मितीत हात लावलेल्या या गाण्यात पुरुषाचा आवाज व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून येतो आणि जवळजवळ यंत्राचा होतो, तर गायिका लव्हफॉक्सचा आवाज साधा, उघडा, माणसाचा आहे. एकाच गाण्यातला हा फरक ऐकण्यासारखा आहे. कॉलेज आणि इलेक्ट्रिक यूथ यांचं 'अ रिअल हीरो' त्याच चित्रपटात आहे. या एका चित्रपटाने सिंथवेव्हला जितके श्रोते दिले, तितके त्याआधीच्या पाच वर्षांत मिळाले नव्हते असं म्हणायला हरकत नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपात काविन्स्कीने फिनिक्स हा बँड आणि गायिका अँजेल यांच्यासोबत 'नाइटकॉल' वाजवलं.

व्हिडिओ गेमचा वाटा चित्रपटांइतकाच मोठा आहे. काविन्स्कीच्या २०१३ च्या अल्बमचं नाव 'आउटरन', आणि ते सेगाच्या १९८६ च्या गेमवरून घेतलेलं. त्या गेममध्ये लाल गाडी सुरू करायच्या आधी रेडिओवरून गाणं निवडावं लागे: प्रवास आणि संगीत तिथे पहिल्याच पडद्यावर बांधलेले होते. आज गाडी-रस्ता-वेग या वळणाच्या सिंथवेव्हला आउटरनच म्हणतात. २०१२ मधला 'हॉटलाइन मायामी' हा १९८९ च्या मायामीत घडणारा रक्तरंजित गेम दुसऱ्या टोकाचा. त्यात परट्युर्बेटरसारख्यांचं संगीत होतं. हा मूळचा ब्लॅक मेटल, म्हणजे अतिशय जड आणि कर्कश रॉक, वाजवणारा गिटारवादक, आणि त्याच्या सिंथमध्ये ते वजन उतरलं आहे. त्याच्या आणि कार्पेंटर ब्रूटच्या वाटेला डार्कसिंथ म्हणतात. तिथे बेस गुरगुरतो, ड्रम हाणतात, आणि मैफलींना मेटलचे चाहते गर्दी करतात.

मधल्या हळव्या वाटेवर लॉस एंजेलिसचा द मिडनाइट हा गट आहे. मला तो सगळ्यांत जवळचा. त्यांनी या शैलीत गीतलेखन आणि सॅक्सोफोन परत आणले, आणि २०१६ चा 'एंडलेस समर' ऐकला की सिंथवेव्ह नुसतं पार्श्वसंगीत नाही हे पटतं. एफएम-८४ चा 'अ‍ॅटलस' त्याच वर्षीचा. नेदरलँड्सचा टाइमकॉप१९८३ त्याहून स्वप्नाळू.

व्हेपरवेव्हशी मात्र याची गल्लत करू नये. व्हेपरवेव्हचे कलाकार जुनी गाणी, जाहिरातींचं संगीत उचलून ते संथ करतात, कापतात, विस्कटतात. सिंथवेव्हचे कलाकार बहुतेक सगळं स्वतः वाजवून नव्याने रचतात. चित्रांतले रंग सारखे असल्यामुळे लोक फसतात.

मग २०१९ च्या अखेरीस द वीकेंड या पॉप गायकाचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' आलं. मिनिटाला १७१ ठोके, म्हणजे नेहमीच्या सिंथवेव्हपेक्षा कितीतरी वेगवान, पण सिंथची ती चमकती धून आणि ड्रमचा घाट थेट याच घराण्यातला. २०२१ मध्ये बिलबोर्डने आपल्या हॉट १०० यादीच्या इतिहासातलं सर्वांत यशस्वी गाणं म्हणून त्याची नोंद केली. काही जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. मला आनंद झाला.

न जगलेल्या काळाची ओढ

एक प्रश्न उरतोच. या संगीताचे कित्येक श्रोते, आणि काही कलाकारही, १९९० नंतर जन्मलेले आहेत. ज्या काळात आपण नव्हतोच, त्याची हुरहुर कशी लागते?

माझ्या मते ती त्या काळाची हुरहुर नसतेच. खरं ऐंशीचं दशक शीतयुद्धाचं, अणुबॉम्बच्या भीतीचं, एड्सच्या साथीचं होतं. सिंथवेव्हला त्यातलं काही आठवत नाही. त्याला आठवतं ते त्या दशकाने रंगवलेलं भविष्य: निऑनची शहरं, संगणकाच्या पडद्यावर क्षितिजापर्यंत गेलेली चमकत्या रेषांची जाळी, यंत्रं माणसाच्या बाजूने असतील हा विश्वास. ते भविष्य आलं नाही. आज आपण त्या भविष्याच्या तारखेच्या पलीकडे उभे आहोत, 'ब्लेड रनर'ची कथा घडते ते २०१९ सालही मागे पडलं. न आलेल्या उद्याची ओढ कुठल्याही वयाच्या माणसाला लागू शकते, त्यासाठी १९८५ मध्ये हजर असावं लागत नाही.

आणि ध्वनीही त्याला साथ देतो. जुन्या कॅसेटची फीत एकसमान वेगाने फिरत नसे, त्यामुळे सूर किंचित डोलायचा, वरची पट्टी बोथट व्हायची. सिंथवेव्हचे निर्माते हा डोल मुद्दाम घालतात. तो कानावर पडला की आपण मूळ घटना ऐकत नसून तिची वापरून झिजलेली नोंद ऐकतोय, असं मेंदू मानून चालतो. काल केलेलं गाणंही पहिल्याच ऐकण्यात आठवणीच्या वेषात येतं.

हीच सोय शैलीच्या मुळावरही आली आहे. तयार प्रीसेट (सिंथमध्ये आधीच जुळवून ठेवलेले आवाज), तयार ड्रमचे नमुने, तयार चार कॉर्ड, आणि मुखपृष्ठावर तो सूर्य, एवढ्यावर रोज कितीतरी गाणी बाहेर पडतात. ती वाईट नसतात, पण एक ऐकलं की दहा ऐकल्यासारखी होतात. चांगल्या कलाकारात मी एकच गोष्ट शोधतो: वरची धून नुसती तोंडाने गुणगुणली तरी टिकते का? द मिडनाइटची टिकते. 'नाइटकॉल'ची टिकते.

स्वतः करून पाहायची इच्छा असेल तर महागडी जुनी यंत्रं लागत नाहीत. ज्युनो-६० ची हुबेहूब आठवण करून देणारे सॉफ्टवेअर सिंथ साध्या संगणकावर चालतात. करवती आकाराचे दोन ऑसिलेटर घ्या आणि दुसरा सात सेंट वर सरकवा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ४४० हर्ट्झच्या स्वराला त्यातून सेकंदाला जवळजवळ दोन फुगवटे मिळतात. सा, रे, प असा कॉर्ड धरा, कोरस लावा, आणि खाली त्याच षड्जावर ठोक्याला चार या हिशेबाने बेस चालवा. सुरुवातीला फिल्टर जवळजवळ बंद ठेवा आणि आठ आवर्तनांत तो अगदी सावकाश उघडत न्या. पाचव्या-सहाव्या आवर्तनाच्या आसपास, एकही स्वर बदललेला नसताना, गाणं पुढे सरकल्याचं ऐकू येईल. कॉर्ड बदलायचा तो त्यानंतर.